तीनचाकीचं चाक एका बाजूनं धरायचं की दोन्ही बाजूंनी?



आमच्या गटातल्या एका ताईंच्या पायांत बळ आहे, पण तोल राहत नाही. त्यामुळे दोनचाकी सायकल जमत नाही. गोरोबाकाकांच्या चैत्रातल्या यात्रेत बांगड्यांचं दुकान लावायचं, तर पेटी न्यायची कशी? म्हणून गटानं वेल्डिंगवाल्याकडून मागे रेलून बसायची तीनचाकी करून घेतली. पुढे दोन चाकं, मागे एक. चाकं जुन्या सायकलचीच घेतली, पैसे वाचले म्हणून आम्ही खूश!

आठव्या दिवशी वळणावर पुढचं चाक तिरकं झालं. आख वाकला होता. ताईंचं कोपर खरचटलं, अर्ध्या बांगड्या फुटल्या. वेग कमी होता म्हणून थोडक्यात निभावलं. वेल्डिंग पक्कं होतं, आमची निवड चुकली होती.

चूक काय झाली? सायकलचं चाक चिमट्यात बसतं, म्हणजे आख दोन्ही टोकांना धरलेला असतो. म्हणून आठ-दहा मिलिमीटरचा आख पुरतो. शिवाय सायकल वळणावर कलते. तीनचाकी कलत नाही, त्यामुळे चाकाला बाजूनं जोर बसतो. त्यात आमची पुढची चाकं एकाच टोकाला धरलेली होती.

आता बैलगाडी आठवा. तिचंही चाक एकाच बाजूनं धरलेलं असतं, पण आख किती जाड! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात तगर, म्हणजे आपल्या तेरचं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई, असं लिहिलं आहे. एवढी वाट बारीक आखावर झाली नसती.

मग निवड कशी करायची?

मागचं चाक चिमट्यात बसवा. तिथे सायकलचा साधा आख चालतो आणि साखळीही नीट बसते.

पुढची चाकं एका बाजूनं धरायची असतील, तर आख जाड घ्या. आखाची जाडी दुप्पट केली की न वाकण्याची ताकद आठपट होते. १५ मिलिमीटरच्या आखाला ६२०२ नंबरचं बेअरिंग बसतं, २० मिलिमीटरला ६२०४. प्रत्येक चाकात दोन बेअरिंग हवीत, आणि तीही एकमेकांपासून लांब.

चाकं २० इंची घ्या. लहान चाक बाजूच्या जोराला जास्त टिकतं. मात्र खड्ड्यात ते जास्त आदळतं, हे लक्षात ठेवा.

आख सांगाड्याला थेट वेल्ड करू नका. जाड नळीत घालून नटानं आवळा आणि नट सुटू नये म्हणून स्प्लिट पिन घाला. उद्या आख वाकला तर तेवढाच बदलता येईल.

गाडी घरी आणण्याआधी बसणारीच्या वजनाएवढी धान्याची पोती ठेवून ढकलून बघा. मग चाक उचलून वरून-खालून धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग ढिलं आहे. शेवटी दोन्ही चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून दोरीनं मोजा. दोन्ही मापं सारखी यायला हवीत, नाहीतर टायर घासतात.

आम्ही नंतर २० मिलिमीटरचा आख टाकला. खर्च वाढला, पण फुटलेल्या बांगड्यांपेक्षा कमीच. यंदा ताई पेटी घेऊन यात्रेत आपल्या आपण गेल्या.

तुमचा गट गाडी करून घेणार असेल, तर रंग नंतर ठरवा. आधी आख बघा.