गायकाला स्वतःचा आवाज कसा ऐकू येतो?

दोन्ही कानांत बोटे घाला आणि एखाद्या गाण्याची ओळ मोठ्याने म्हणा. बाहेरचा गलका कमी होईल; पण तुमचा स्वतःचा आवाज मात्र घुमल्यासारखा, अधिकच मोठा ऐकू येईल. तो हवेतून नव्हे, तर जबड्याच्या व कवटीच्या हाडांतून कानाच्या आतल्या भागापर्यंत पोचतो. हा प्रयोग लक्षात ठेवा, पुढे आपल्याला त्याची गरज पडणार आहे.

१५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ‘बीटल्स’ या इंग्लिश वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. श्रोते होते सुमारे ५५,०००! त्यांच्या आरडाओरड्यात चौघा कलावंतांना स्वतःचेच गाणे धड ऐकू येईना. गायकाकडे तोंड करून ध्वनिवर्धक ठेवण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. स्वतःचा आवाजच कानी पडत नसेल, तर सूर कशाच्या आधाराने लावायचा?

पुढे असे ध्वनिवर्धक गायकाच्या पायाशी तिरपे ठेवले जाऊ लागले. पण त्यांतून निघालेला आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो, वाढून पुन्हा बाहेर पडतो, पुन्हा आत शिरतो आणि अखेर ‘कूंऽऽ’ अशी किंकाळी उठते. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती तुम्ही नक्की ऐकली असेल. शिवाय ड्रमच्या दणदणाटावर मात करण्यासाठी हे ध्वनिवर्धक फार मोठ्याने वाजवावे लागत. रोज असा आवाज सोसून कित्येक वादकांचे कान कायमचे अधू झाले.

मग ध्वनिवर्धक कानातच बसवला तर? १९९५ मध्ये जेरी हार्वी या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञाने ‘व्हॅन हेलन’ वाद्यवृंदाच्या ड्रमवादकासाठी कानाच्या साच्याबरहुकूम असे श्रवणयंत्र बनवले. ते कानात घट्ट बसते व बाहेरचा आवाज अडवते, म्हणून आतला आवाज बेताचा ठेवला तरी पुरतो. कलावंताच्या कमरेला एक लहानसा रेडिओग्राहक असतो. त्याला हवे तेवढेच सूर आणि हवा तेवढाच ठेका त्यात बिनतारी पाठवता येतो.

पूर्वी हे काम साध्या एफ.एम. पद्धतीने होई. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात, त्यामुळे विलंब जवळजवळ नव्हताच. मात्र खरखर होती. अंकीय म्हणजे डिजिटल पद्धतीत ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक माप शून्य व एक अशा २४ अंकांत लिहितात. एका कानासाठी हे सेकंदाला ११,५२,००० अंक झाले, दोन कानांसाठी त्याच्या दुप्पट! रेडिओलहरींच्या अरुंद पट्ट्यात ते बसवायचे, तर त्यांची काटछाट करावी लागते. वाटेत एखादा अंक बिघडला तर तो ओळखता यावा, म्हणून जादा अंकही जोडावे लागतात. खरखर गेली, पण या सगळ्या हिशेबाला वेळ लागतो.

किती वेळ चालेल? ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. पायाशी ठेवलेल्या ध्वनिवर्धकाचा आवाज कानापर्यंत यायलाच ५ मिलिसेकंद लागतात. म्हणून गिटारवादकाला एवढा उशीर सहसा खटकत नाही. गायकाची गोष्ट मात्र निराळी आहे. आता तो सुरुवातीचा प्रयोग आठवा. त्याचा आवाज हाडांतून जवळजवळ तत्काळ पोचतो, आणि तोच आवाज यंत्रातून किंचित उशिरा येतो. हा उशीर १ मिलिसेकंदाचा असेल, तर ५०० हर्ट्झच्या सुराची एक लहर चढत असताना दुसरी उतरत असते. दोन्ही एकमेकींना क्षीण करतात. काही वारंवारता दबतात, काही फुगतात आणि गायक म्हणतो, “माझा आवाज पोकळ वाटतो.”

यावरून घरातले ब्लूटूथ यंत्र रंगमंचावर का चालत नाही, हेही कळेल. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये १०० ते २०० मिलिसेकंदांचा विलंब सहज होतो. २०० मिलिसेकंद म्हणजे आवाज ६८ मीटरांवरून यावा, जणू क्रिकेटच्या मैदानाच्या सीमारेषेवरून! आपलेच शब्द एवढ्या उशिरा ऐकू आले, तर माणूस बोलतानासुद्धा अडखळतो, असे बर्नार्ड ली यांनी १९५० मध्येच नोंदवले होते. म्हणून रंगमंचासाठीच्या अंकीय यंत्रणा बनवणारे अभियंते एकेका मिलिसेकंदासाठी झटतात. काटछाट कमी केली तर वेळ वाचतो, पण रेडिओपट्टा जास्त लागतो. जादा अंक कमी केले तर वेळ वाचतो, पण मधूनच आवाज तुटण्याची भीती असते; आणि अंकीय आवाज तुटतो तेव्हा खरखरत नाही, एकदम नाहीसा होतो. गाण्याच्या ऐन भरात असे झाले, तर गायकाने काय करावे?

आणखी एक गंमत सांगायची राहिली. कान असे बंद झाल्यावर गायकाला टाळ्याही नीट ऐकू येत नाहीत! म्हणून रंगमंचाच्या कडेला श्रोत्यांकडे तोंड करून दोन मायक्रोफोन ठेवतात आणि त्यांतला आवाज थोडासा गायकाच्या कानात सोडतात.