बिल आषाढात, पैसे दिवाळीला!

आमच्या मावसताईचे सासर धूलकोटचे. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले हे गाव. घरात मराठी, बाजारात निमाडी आणि हिंदी. आपल्याकडे एकाच ओसरीवर मराठी-कानडी चालते ना, अगदी तसेच! दाजींचे खत-औषधांचे दुकान आहे. मृग लागला की त्यांना जेवायलाही फुरसत नसते, पण गल्ला मात्र रिकामा. निम्मा माल उधारीवर जातो. आपण त्याला ‘उद्री’ म्हणतो, एवढाच फरक. कापूस विकला, केळीची काढणी झाली, की मग शेतकरी खाते मिटवतो.

एका वर्षी दाजींनी जुलैचे जीएसटी विवरणपत्र तब्बल तीस दिवस उशिरा भरले. “पैसेच हाती आले नाहीत, तर कर कुठून भरू?” ते मला म्हणाले. प्रश्न रास्त वाटतो. पण मालावरचा हा कर साधारणपणे बिलाच्या तारखेला धरून चालतो, वसुलीला नव्हे. जुलैच्या बिलांचा कर 20 ऑगस्टपर्यंत भरायचा. उशिराला रोज 50 रुपये, म्हणजे 1500 झाले. शिवाय थकलेल्या 60 हजारांवर वार्षिक 18 टक्क्यांनी सुमारे 888 रुपये व्याज. रक्कम मोठी नाही, पण खरे नुकसान पुढेच असते. विक्रीचे विवरणपत्र (मासिक असल्यास 11 तारखेपर्यंत) रखडले, तर आपल्याकडून माल घेणाऱ्या दुकानदाराला त्याच्या कराची वजावट मिळत नाही. तो दुसरीकडे वळतो. इथे प्रश्न पतीचा आहे!

पूर्वी व्यापाऱ्याला दिवाळी ते दिवाळी असे वर्ष धरता येई. आयकरासाठी 1989-90 या आकारणी वर्षापासून सर्वांनाच एप्रिल ते मार्च हे वर्ष लागू झाले. वहीपूजन पाडव्यालाच राहिले, तारखा मात्र सरकारी झाल्या. 2025 मध्ये धूलिवंदन 14 मार्चला होते आणि दुसऱ्याच दिवशी अग्रिम आयकराचा शेवटचा दिवस! निमाडात तेव्हा होळीआधीच्या भगोरिया बाजारांची लगबग नुकतीच ओसरलेली. त्या वर्षी दिवाळीमुळे 20 ऑक्टोबरची जीएसटी मुदत 25 पर्यंत वाढली खरी, पण अशा सवलतीच्या भरवशावर बसू नये.

यावर तोडगा काढला तो ताईने. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या नोंदीशेजारीच, तिने लाल पेनाने 11 आणि 20 या तारखांना गोल केले. 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च हे अग्रिम आयकराचे चार दिवस. अंदाजित नफ्यावर कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला मात्र एकटा 15 मार्च पुरतो. तिमाही विवरणपत्राची निवड केली असेल, तर तिमाहीनंतरची 13 आणि 22 तारीख लक्षात ठेवावी. मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि कर्नाटक, तिन्हीकडे 22 हीच तारीख आहे. दुकान बंद असले, विक्री शून्य असली, तरी विवरणपत्र चुकत नाही. ते 14409 वर एसएमएसनेही भरता येते.

आणि ताईचा दुसरा नियम: उधारीचे बिल फाडले, की त्यातल्या कराएवढी रोख त्याच संध्याकाळी वेगळ्या डब्यात. दाजी आधी कुरकुरले. आता श्रावणात तेच विचारतात, “अगं, डब्यात वीस तारखेपुरते आहेत ना?”