इबोला : साथ पसरते कशी, थांबते कशी?

इबोलाची बातमी छापून आली की वर्गात हमखास प्रश्न येतो, 'सर, तो आपल्याकडे आला तर?' याचे उत्तर द्यायचे तर विषाणू एका माणसातून दुसऱ्यात नेमका कोणत्या वाटेने जातो, हे समजून घ्यायला हवे.

इबोला हे आफ्रिकेतील एका नदीचे नाव. १९७६ साली तेव्हाच्या झाइरेमध्ये (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) यांबुकू या गावी हा रोग प्रथम उघडकीस आला. तेथील मिशन रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागासाठी रोज सकाळी पाच सिरिंजा काढल्या जात. एका रुग्णाला टोचून झाले की सुई कोमट पाण्यात विसळायची आणि तीच पुढच्याला वापरायची. त्या साथीत ३१८ जणांना लागण झाली, त्यांपैकी २८० दगावले. परिचारिकाही मृत्युमुखी पडल्या. रुग्णालय बंद पडले आणि साथ ओसरू लागली!

असे का झाले? इबोलाचा विषाणू धाग्यासारखा लांबट असतो. रुग्णाचे रक्त, उलटी, जुलाब अशा शरीरस्रावांत तो असतो. त्वचेवरील जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांच्या आतील नाजूक अस्तरातून तो दुसऱ्याच्या शरीरात शिरतो. गोवराप्रमाणे तो हवेतून पसरत नाही. लागण झाल्यापासून २ ते २१ दिवसांत लक्षणे दिसतात. तोपर्यंत रुग्णापासून इतरांना धोका नसतो. आजार बळावतो तसे रक्तातील विषाणूंचे प्रमाण वाढते. मृतदेहातही विषाणू टिकून असतो.

आता या साखळीत कोण सापडते ते पाहा. उशाशी बसणारी आई, उलटी पुसणारी पत्नी, सलाईन लावणारी परिचारिका, प्रेताला आंघोळ घालणारे नातलग. रस्त्याने जाणाऱ्यापेक्षा सेवा करणाऱ्यालाच या रोगाचा धोका अधिक.

आपल्या शेजारी गुजरातमध्ये याच जातीचा अनुभव आला. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील एक महिला रक्तस्रावी तापाने दगावली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका यांनाही लागण होऊन मृत्यू आला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने नमुने तपासले. तो इबोला नव्हता, क्रायमियन-काँगो ताप होता. त्याचा विषाणू गोचिडीमार्फत आणि बाधित जनावराच्या रक्तातून माणसात येतो. पुढे मात्र वाट तीच : रुग्णाचे रक्त आणि उघडे हात.

गणित साथीचे

गोवराचा एक रुग्ण, कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना रोग देऊ शकतो. इबोलाचा रुग्ण सरासरी दीड ते दोघांना देतो. फळ्यावर १, २, ४, ८, १६ अशी मांडणी करा. मग विचारा, प्रत्येकाकडून दोनाऐवजी सरासरी एकाहून कमी जणांना लागण झाली तर? मांडणी आपोआप आकसत जाते. म्हणजे साथ थांबवण्यासाठी प्रत्येक संसर्ग टाळता आलाच पाहिजे असे नाही; सरासरी एकाच्या खाली आणली तरी पुरे.

पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ या काळात २८,००० हून अधिक लोकांना लागण झाली आणि ११,००० हून अधिक दगावले. तेथे ही सरासरी खाली आणली ती साध्या उपायांनी. रुग्णाला वेगळे ठेवणे, सेवा करताना हातमोजे व झगा घालणे, संपर्कात आलेल्या प्रत्येकावर २१ दिवस लक्ष ठेवणे आणि कुटुंबाचा मान राखून सुरक्षित दफन करणे. आप्तांना अखेरचे दर्शनही नाकारले, तर लोक रुग्ण लपवतात, हा धडा तिथे मिळाला. २०१५ मध्ये गिनीत लस यशस्वी ठरली. रुग्णाभोवतीच्या संपर्कांना ती टोचून जणू कडे उभारले गेले. ही लस इबोलाच्या झाइरे प्रकारावर चालते, सर्व प्रकारांवर नाही.

बरा झालेला माणूसही जपून वागला पाहिजे. नोव्हेंबर २०१४ मध्ये लायबेरियाहून दिल्लीला आलेल्या एका भारतीयाच्या रक्तात विषाणू नव्हता, पण वीर्यात त्याचे अंश आढळले. म्हणून त्याला विमानतळावरच वेगळे ठेवण्यात आले. मात्र अशा माणसाशी बोलल्याने किंवा त्याच्या शेजारी बसल्याने रोग होत नाही. त्याला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

कळवणसारख्या तालुक्यातील विद्यार्थ्यांना यातून रोजच्या उपयोगाचे तीन नियम सांगता येतील. गुरांवरची गोचीड उघड्या बोटांनी चिरडू नये. दुसऱ्याच्या रक्ताला उघडा हात लावू नये. लागलाच तर साबणाने धुवावा, कारण या विषाणूंचे स्निग्ध आवरण साबणाने फुटते. आणि 'सुई टोचल्याशिवाय बरे वाटत नाही' असा हट्ट धरू नये. सुई घ्यावीच लागली तर पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे. यांबुकूच्या रांगेत उभ्या असलेल्यांना हे विचारता आले नव्हते.