शब्दाचा सांधा

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. आषाढीला येथून तिची पालखी पंढरपूरला जाते. या गावच्या एका वर्गात मी शिकवत असताना घडलेली गोष्ट आज सांगतो.

नरेंद्र कवीने आणि पुढे एकनाथांनी लिहिलेल्या ग्रंथांचे नाव मी फळ्यावर लिहिले, ‘रुक्मिणीस्वयंवर’. एका मुलीने वाचले, “रुक्मिणीस... वयंवर.” मग विचारले, “गुरुजी, वयंवर म्हंजे काय जी?” वर्ग हसला. मलाही हसू आवरले नाही. पोर खाली बसली आणि पुढे कितीतरी दिवस तिने मोठ्याने वाचलेच नाही.

घरी आल्यावर विचार केला, तेव्हा माझीच मला लाज वाटली. तिचा कान चुकला नव्हता. जोडाक्षर उच्चारताना त्यातले पहिले व्यंजन मागच्या अक्षराला टेकते. गावाचेच नाव सावकाश म्हणून पाहा: कौं-डण्-य-पूर. ‘ण्य’मधला ‘ण्’ मागे ‘ड’ला चिकटतो. वृत्त मोजताना जोडाक्षराआधीचे ऱ्हस्व अक्षर गुरू धरतात, तेही त्यावर येणाऱ्या या जोरामुळेच. त्याच सवयीने तिने ‘णीस्’ असा तुकडा पाडला. शिवाय ‘रुक्मिणीस’ हे चतुर्थीचे रूप तिच्या ओळखीचे होते. उच्चाराचा तुकडा एकीकडे पडला आणि अर्थाचा सांधा दुसरीकडे राहिला.

ही अडचण काही आपलीच नाही. नेदरलँड्समधल्या डच भाषेत दोन-तीन शब्द जोडून लांबलचक नामे बनवतात आणि मध्ये जागा न सोडता लिहितात. तिथला ‘क्वार्टस्लाखन’ हा शब्द घ्या. ‘क्वार्ट-स्लाखन’ असा तोडला, तर अर्थ होतो पाव-पाव वळणे. ‘क्वार्ट्स-लाखन’ असा तोडला, तर गारगोटीच्या दगडाचे थर! भांडण त्याच एका ‘स’चे. म्हणून ओळीच्या शेवटी असा शब्द तोडायची वेळ आली, की आधी दोन शब्दांमधला सांधा पाहायचा आणि मग उच्चाराचे तुकडे, अशी तिथली रीत आहे.

आपल्याकडे हेच काम समासाचा विग्रह करतो. लांब शब्द दिसला की शेवटाकडून ओळखीचा शब्द शोधावा. ‘स्वयंवर’ सापडले की ‘रुक्मिणीचे स्वयंवर’ आपोआप उलगडते. कधी ऱ्हस्व-दीर्घही खूण देते. एकटा ‘कवी’ दीर्घ लिहितो, पण ‘कविसंमेलन’मध्ये तो ऱ्हस्व होतो. तो ऱ्हस्व ‘वि’ सांगतो, थांबू नका, शब्द अजून संपलेला नाही.

पुढच्या आठवड्यात मी तोच शब्द पुन्हा फळ्यावर लिहिला आणि सांध्यावर खडूने उभी रेघ मारली. त्याच मुलीला हाक दिली. ती जरा थबकली, रेघेकडे पाहिले आणि खणखणीत वाचले. या वेळी कोणी हसले नाही. वाचताना मूल अडखळले, तर त्याला हसण्याआधी शब्दाचा सांधा दाखवावा, एवढेच सांगणे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)