मानेतली गाठ: कधी थांबायचं, कधी तपासायचं?

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे जुन्या माणसांना पक्कं ठाऊक असतं. मानेत येणारी बहुतेक गाठ ही त्याचीच बहीण. फक्त इथे जखम पायात नसते, तर घशात, दातात, कानात किंवा डोक्याच्या त्वचेत असते.

या गाठी म्हणजे लसिका ग्रंथी. मानेत त्या सुमारे ३०० असतात. आजूबाजूच्या भागातून झिरपणारा द्रव त्यांच्यातून गाळला जातो. त्यात जंतूंचे अंश सापडले की ग्रंथी पांढऱ्या पेशींचा बाहेर जायचा दरवाजा काही काळ बंद करते. पेशी आत येतात, अडकतात, आणि त्यातली जी त्या जंतूला ओळखते ती भराभर विभागू लागते. एवढी गर्दी झाल्यावर ग्रंथी सुजणारच!

अशी गाठ हाताला दुखते, बोटाखाली सरकते आणि मूळ संसर्ग बरा झाला की दोन-तीन आठवड्यांत उतरू लागते. उपचार करायचा तो घशाचा किंवा दाताचा. गाठ चोळू नका, दाबून पाहत बसू नका.

मग डॉक्टरकडे कधी जायचं? गाठ दोन आठवड्यांनंतरही तशीच असेल, वाढत असेल, दगडासारखी कडक असेल, गळ्याच्या हाडाच्या वर असेल, किंवा सोबत ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं असेल तर लगेच. तंबाखू-मिश्री लावणाऱ्यांच्या मानेतली न दुखणारी गाठ तोंडाच्या कॅन्सरचीही असू शकते.

आपल्या देशात अशा रेंगाळणाऱ्या गाठीमागे बऱ्याचदा क्षयरोग असतो. जुन्या भाषेत हीच गंडमाळ. निदानासाठी बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासतात. 'सुई टोचली की कॅन्सर पसरतो' या भीतीने अनेक जण ही तपासणी टाळतात. ती भीती सोडा. खरा धोका वेगळा आहे: निदानाआधीच घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या. त्यांनी लिम्फोमाची गाठ तात्पुरती विरघळते आणि निदान लांबतं. काही अँटिबायोटिक्स क्षयाच्या जंतूंनाही अर्धवट दाबतात, त्यामुळे तिथेही तीच गत होते.

क्षयाच्या गाठीवर साधारण सहा महिने औषधं लागतात. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. फुप्फुसात क्षय नसेल तर नुसत्या गाठीमुळे घरच्यांना लागण होत नाही, त्यामुळे ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. उपचार चालू असताना काही रुग्णांची गाठ आधी वाढते. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर शरीराची प्रतिकारशक्ती तुटून पडते, म्हणून. 'औषध लागू पडत नाही' असं समजून नेमक्या याच वेळी लोक गोळ्या सोडतात. तसं करू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि ते सांगेपर्यंत गोळ्या चालू ठेवा.