एका ग्रेनचा हिशेब

अमेरिकेत स्वतःच्या रायफलची काडतुसं घरी भरणं कायदेशीर आहे आणि अनेक नेमबाज ती भरतात. वापरलेली पितळी पुंगळी साफ करून मापात आणायची, नवा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, बसवायचा, दारू ग्रेन या एककात तोलून ओतायची आणि वर गोळी दाबायची. भीती वाटते ती दारूची, पण उघड्यावर ती नुसती भरकन जळून जाते. बंद जागेत मात्र तिचा स्वभाव बदलतो. 1884मध्ये धूरविरहित दारू बनवणाऱ्या पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो, की दाब वाढला की जळण्याचा वेगही वाढतो. वेग वाढला की वायू झपाट्याने साठतो आणि दाब आणखी चढतो. .308 विंचेस्टर काडतुसाची अमेरिकेतली कमाल मर्यादा चौरस इंचाला 62,000 पौंड आहे, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास दोन हजार पट. इतक्या दाबाशी गाठ असताना दारू थोडी वाढली तर दाबही थोडाच वाढेल, हे गृहीतच चुकीचं आहे. म्हणून प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेल्या दारूच्या मापांच्या तक्त्यांना पर्याय नाही, आणि त्यातही सुरुवात खालच्या आकड्यापासूनच करायची.

यावर मुरलेले नेमबाज म्हणतात, प्रायमर चपटा झाला किंवा नळी मागून बंद करणारा बोल्ट जड उघडला की दाब वाढल्याचं कळतंच. कळतं, पण बहुधा मर्यादा ओलांडल्यावर. शिवाय काही प्रायमर मुळातच मऊ असतात, ते दाब न वाढताही चपटे होतात. ही लक्षणं थांबायला सांगतात. ती दिसली नाहीत म्हणजे सगळं ठीक, असं मुळीच नाही. तक्ताही त्यातल्याच घटकांपुरता खरा असतो. लष्करी पुंगळीचं पितळ बहुधा जाड असतं, आत जागा कमी उरते आणि तेवढ्याच दारूचा दाब वाढतो. ‘एच 4831’ आणि ‘आयएमआर 4831’ या दारूंचा आकडा एकच आहे, पण दुसरी अधिक वेगाने जळते. पहिलीचा तक्ता दुसरीला लावला तर हातातली रायफल फुटू शकते.

मग कमी दारू घातली की झालं? तेही नाही. सावकाश जळणारी दारू तक्त्यातल्या किमान मापापेक्षा बरीच कमी भरल्यावर बंदुका फुटल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यामागचं कारण अजून वादात आहे. हे सगळे धोके टाळायचे तर टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवा. ज्ञात वजन ठेवून तराजू तपासा. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड टाकून दारूची पातळी बघा, म्हणजे दोनदा ओतलेली किंवा ओतायचीच राहिलेली सापडते. प्रायमरमध्ये बहुधा शिशाचं संयुग असतं, तेव्हा काम संपल्यावर हात धुवा. आणि डब्यावरचं लेबल निघालेलं असेल, तर आतली दारू रंगरूपावरून ओळखायला जाऊ नका; ती वापरायचीच नाही.