काळी वाळू आणि पिवळा दाणा

काळी वाळू दिसली की ती किरणोत्सारी, असं अनेकजण धरून चालतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. वाळूला काळेपणा येतो तो इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांमुळे. किरणोत्सारी थोरियम दडलेलं असतं मोनाझाइटमध्ये, आणि त्याचा दाणा असतो मधासारखा पिवळा ते तपकिरी. ही सगळीच खनिजं जड. लाटा हलकी वाळू ओढून नेतात, जड दाणे किनाऱ्यावर एकत्र मागे उरतात आणि संशय काळ्या रंगावर येतो.

केरळात चवरा इथल्या पुळणीत मोनाझाइट आहे, कारण मागच्या डोंगरांतल्या प्राचीन खडकांत ते मुळातच होतं. रत्नागिरीची काळी वाळू मुख्यतः बेसॉल्ट आणि जांभ्याची झीज होऊन आलेली. तिच्यात इल्मेनाइट भरपूर, मोनाझाइट नगण्य. युरेनियम आणि थोरियमचे मोठे अणू आधी घट्ट होणाऱ्या खनिजांच्या रचनेत बसत नाहीत. ते उरलेल्या शिलारसात साचत जातात आणि शेवटी ग्रॅनाइटमध्ये येतात. म्हणून सह्याद्रीच्या काळ्या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, त्यांचं प्रमाण कमीच.

किरणोत्सारी दगड अंधारात चमकतो, हाही असाच समज. अतिनील दिव्याखाली ऑट्युनाइट हे युरेनियमचं खनिज हिरवं उजळतं खरं, पण युरेनियमचा अंशही नसलेले कॅल्साइट आणि फ्लुओराइटही उजळतात.

गायगर काउंटर वाजला म्हणजे खनिज ओळखलं, असंही नाही. तो फक्त किरण मोजतो. मूलद्रव्य कळतं गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून: पोटॅशियमची खूण 1460 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, थोरियमच्या ऱ्हास-साखळीची 2614. नेमका दाणा शोधायचा तर खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. तपकिरी अभ्रकात अडकलेल्या झिरकॉनच्या बारीक कणाभोवती गडद वलय दिसतं. झिरकॉनमधल्या युरेनियममधून कोट्यवधी वर्षं बाहेर पडणाऱ्या अल्फा कणांनी अभ्रकाची स्फटिकरचना बिघडवलेली असते, त्याची ही खूण. मला ही ओळख सर्वांत सुंदर वाटते.

उरली भीती. ग्रॅनाइटच्या फेल्डस्पारमध्ये पोटॅशियम असतं आणि त्यातलं सुमारे 0.012 टक्के किरणोत्सारी. तसंच ते आपल्या शरीरातही असतं. चवऱ्याजवळच्या करुनागपल्ली भागात सुमारे 70 हजार रहिवाशांची वर्षानुवर्षं पाहणी झाली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत जमिनीतल्या गॅमा किरणांमुळे कर्करोग वाढल्याचं आढळलं नाही. तेव्हा स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा भीतीपोटी उखडू नका.